राज्य निबंधकांना खुले पत्र : लग्नाच्या सहीपाशीच वारशाचे सांगा

प्रति,
माननीय राज्य निबंधक तथा नोटरी सेवा प्रमुख,
पणजी, गोवा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खात्याच्या एका खिडकीवर लग्नाच्या सह्या होतात, दुसऱ्या खिडकीवर मृत्युपत्र लिहून घेतात आणि तिसरीवर वारसांचा दस्त होतो. तालुक्याच्या ठिकाणी हे सगळे बहुधा एकाच अधिकाऱ्याच्या शिक्क्याने चालते. गोव्यातल्या माणसाच्या मालमत्तेचे पुढे काय होणार, ते पहिल्याच खिडकीवर अर्धेअधिक ठरून जाते; पण तिथे त्याला कोणी सांगत नाही. कळते ते तिसऱ्या खिडकीवर. तेव्हा तो स्वतः नसतो, त्याची मुले असतात आणि पुष्कळदा ती एकमेकांशी बोलत नसतात.

मी फोंड्याला वकिली करतो, त्यात वारसाहक्काची कामे जास्त. तुम्हांला कायदा शिकवावा असा माझा अधिकार नाही आणि तशी गरजही नाही. पण ज्यांना हे सांगायचे राहून जाते त्यांनीही वाचावे, म्हणून पत्र खुले ठेवले आहे. त्यामुळे तुम्हांला पाठ असलेल्या गोष्टी मध्ये मध्ये येतील, त्या सांभाळून घ्या.

अलीकडे पक्षकार येतात ते मोबाइलवरचा सल्ला सोबत घेऊनच. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदार पुरे, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. नाहीतर मग, फॅमिली ट्रस्ट करून टाका, प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, कटकटच नको. सल्ला देणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो पुण्यातला किंवा मुंबईतला असतो आणि तिथल्यापुरते त्याचे बरोबर असते. मुंबई शहरात मृत्युपत्रावर वर्षानुवर्षे प्रोबेट सक्तीचे होते. हायकोर्टात अर्ज, नोटिसा, एखाद्या पुतण्याची हरकत, आणि मग त्या अर्जाचाच दावा होऊन बसायचा. तिथल्या पैसेवाल्यांनी ट्रस्टची वाट धरली ती त्यामुळे. आपले दुखणे ते नव्हेच. ज्याने गोव्यात बसून, गोव्याचा कायदा लागू असताना, तसल्या साध्या कागदावर मृत्युपत्र केले, त्याच्या वारसांना प्रोबेटची अडचण येत नाही. त्या कागदाला इथे मृत्युपत्र म्हणून कोणी विचारतच नाही, एवढीच अडचण येते.

आणि हे त्या माणसाला जिवंतपणी कळण्याची काही सोय नाही. कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद जपून ठेवलेला असतो. बाराव्या-तेराव्यानंतर पिशवी उघडते. मग ती माझ्या टेबलावर येते आणि ज्याच्या नावाने सगळे लिहिलेले असते त्याच्या तोंडाकडे बघत मला ते सांगावे लागते.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. १९६१ साली पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. १९६२ च्या केंद्राच्या कायद्याने तो चालू ठेवला. पुढे आपल्या विधानसभेने वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातून होणारी वाटणी) यांच्यासाठी २०१२ चा कायदा केला, तो डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे आणि तुमचे अधिकारी 'विशेष नोटरी' आहेत ते त्याच कायद्याने. एवढा इतिहास पुरे. समान नागरी कायद्यावर दिल्लीत चर्चा निघाली की आपले पुढारी छाती फुगवून गोव्याचे उदाहरण देतात. त्यांतल्या किती जणांनी स्वतः नोटरीपुढे मृत्युपत्र केले आहे, हे विचारायचा मोह मला नेहमी होतो.

आता ते पहिल्या खिडकीवर ठरते म्हणजे काय, ते सांगतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता एक होते. आधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली, थोडे अपवाद सोडून सगळीच. प्रत्येकाचा अर्धा वाटा. नवरा वारला म्हणून बायकोला तो अर्धा 'मिळत' नाही, तो पहिल्यापासून तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्याचा अर्धा कायद्याने मुलांसाठी, मुले नसतील तर आईवडिलांसाठी राखीव. त्याला हात लावता येत नाही. म्हणजे रुपयातले आठ आणे बायकोचे, चार आणे मुलांचे, आणि मृत्युपत्रात मर्जीप्रमाणे वाटायला माणसाच्या हातात राहतात ते चार आणे.

हा हिशेब ऐकून पक्षकार गप्प होतात. 'म्हाका सगळें धाकट्याक दिवपाचें आसा,' म्हणत आलेले एक गृहस्थ माझ्याकडे असे बघत राहिले की जणू त्यांची जमीन मीच काढून घेतली. घर त्यांनी बांधलेले, पैसा त्यांचा, मोठा मुलगा कुवेतला जाऊन विचारपूस करीत नाही, आणि कायदा म्हणतो त्याचाही राखीव वाटा आहे. वारसातून काढून टाकायची कारणे कायद्यात ठरलेली आहेत आणि 'फोन करीत नाही' हे त्यांत बसत नाही. मला हा कायदा आवडतो, लपवून ठेवत नाही. बापाच्या रागापासून तो मुलांना वाचवतो आणि नवऱ्याच्या लहरीपासून बायकोला. देशभरात हिंदूंच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. इथे तो मागच्याच्या मागच्या शतकापासून कायद्यात आहे. पण कायदा चांगला असून भागत नाही. ज्याच्यावर तो चालतो त्याला तो वेळेवर ठाऊक हवा. त्या गृहस्थांना हे पंचविसाव्या वर्षी कोणी सांगितले असते तर घराची रक्कम कुठे गुंतवायची, कोणाच्या नावे काय घ्यायचे, मोठ्याला परदेशी पाठवताना दिलेले पैसे कसे लिहून ठेवायचे, याचा त्यांनी वेगळा विचार केला असता.

माझी पहिली मागणी म्हणूनच लग्नाच्या खिडकीपाशी आहे. इरादा जाहीर करायला जोडपे पहिल्यांदा येते आणि मग पक्की सही करायला पुन्हा येते, त्यांच्यामध्ये दिवस मोकळे असतात. लग्नाआधी करार करून मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवता येते, किंवा आधीचे ज्याचे त्याचे आणि लग्नानंतर कमावलेले दोघांचे असेही ठरवता येते. एकदा लग्न झाले की मग हे बदलत नाही. म्हणजे हा निर्णय घ्यायला आयुष्यात एकच मुदत आहे आणि ती तुमच्या कचेरीच्या बाकावर बसून संपते. त्या बाकावर बसलेल्यांना काय सांगतात? जन्मदाखल्याची प्रत आणा, साक्षीदार आणा. एक पानभर कागद, मराठीत आणि कोंकणीत, पहिल्या सहीच्या दिवशी हातात द्या. करार करा असे सांगू नका, तो तुमचा प्रश्न नव्हे. करार करता येतो एवढे सांगा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीलाही सरकारी कामात जागा दिली आहे, तेव्हा असा कागद काढायला नवा कायदा लागत नाही.

आता दुसरी खिडकी.

गोव्यातले मृत्युपत्र दोन वाटांनी होते. उघडे मृत्युपत्र नोटरीच्या पुस्तकात लिहिले जाते, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले जाते, मग सह्या. बंद मृत्युपत्र माणूस घरी लिहितो, शिवून-सील करून आणतो आणि नोटरी त्याला मान्यतेची नोंद घालतो. आत काय आहे ते नोटरीलाही कळत नाही. दोन्ही वाटा तुमच्या दारातूनच जातात. मला स्वतःला उघडे बरे वाटते. पुस्तक सरकारी, हरवायची आणि फाडायची भीती कमी, आणि करणारा शुद्धीत होता हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले.

पण वाचून दाखवणे म्हणजे काय, याबद्दल एक पाहिलेले सांगतो. माझ्या तालुक्यातले नाही, दुसरीकडचे आहे. सत्तरी तालुक्याकडची एक म्हातारी, धाकटा मुलगा तिला धरून घेऊन आलेला. मसुदा इंग्रजीत, मुलानेच कुठून टाइप करून आणलेला. कारकुनाने तो इंग्रजीतूनच भरभर वाचला, बाई प्रत्येक पूर्णविरामाला मान हलवीत होत्या. अधिकारी घाईत होते, बाहेर फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनची रांग होती. मी दुसऱ्या कामाला गेलो होतो, पण साक्षीदार कमी पडला म्हणून मला बसवले होते. सही करण्याआधी मी म्हटले, आजींना एकदा मराठीतून सांगू द्या. तिसऱ्या कलमापाशी, मोकळ्या हिश्श्यातले सगळे धाकट्याला, त्या थांबल्या. 'आणि आमची ती? ती आत्ता माझ्या जवळ राहते ती?' नवरा वारल्यावर परत आलेली मुलगी. त्या दिवशी ते मृत्युपत्र झाले नाही. मुलगा माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. पुढे महिन्याभराने झाले, मुलीला मागच्या दोन खोल्यांत हयातभर राहायचा हक्क ठेवून.

ती मान हलवणारी बाई तुमच्या प्रत्येक कचेरीत आठवड्याला येत असेल. तेव्हा मृत्युपत्र करणाऱ्याला कळते त्या भाषेत ते सांगितले गेले, असे नोटरीने स्वतःच्या हाताने एका ओळीत लिहावे, एवढी सूचना तुम्ही एका परिपत्रकाने काढू शकता. आणि ज्याला लाभ मिळणार तो वाचनाच्या वेळी खोलीच्या बाहेर बसावा. बाहेर म्हणजे दाराच्या बाहेर. दाराच्या फटीत नव्हे.

हयातभराच्या हक्काचे वर ओघात आले, पण ट्रस्टचे फॅड घेऊन येणाऱ्यांना मी खरे म्हणजे हेच सांगतो. मालकी एकाकडे आणि हयातभराचा उपभोग दुसऱ्याकडे, अशी वाटणी आपला कायदा दीडशे वर्षे ओळखतो. बायको जिवंत असेपर्यंत तिला घरातून कोणी हलवू नये, पुढे ते मुलीला जावे. किंवा बक्षीसपत्राने कुळागर मुलाला आत्ताच द्यावे पण सुपारी-नारळाचे उत्पन्न आपण असेपर्यंत आपल्याकडे राहावे. मुंबईचा माणूस ज्यासाठी ट्रस्ट बांधतो त्यातले पुष्कळसे इथे एका दस्ताने होते. शिवाय ट्रस्ट केला म्हणून राखीव वाटा चुकत नाही. जिवंतपणी दिलेली बक्षिसेसुद्धा वारसाच्या हिशेबात परत मोजली जातात. ज्या घरात मतिमंद किंवा अंथरुणाला खिळलेले मूल आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्यामागे त्याचा रोजचा खर्च कोण आणि कसा करणार, यासाठी ट्रस्टचा विचार त्यांनी जरूर करावा, फक्त तो आपल्या मोकळ्या चार आण्यांत बसतो की नाही ते आधी मोजून.

हक्कसोडीचेही असेच. लग्नाच्या आधी मुलीकडून 'मला काही नको' असा कागद घेऊन ठेवणारे बाप अजून आहेत. बाप जिवंत असताना त्याच्या वारशाचा हक्क सोडताच येत नाही. तो कागद रद्दी. बाप गेल्यावर सोडला तर सबंध सोडावा लागतो, थोडा ठेवून थोडा सोडणे नाही, आणि सोडलेला वाटा सगळ्या सहवारसांत जातो. 'मी माझे धाकट्या भावासाठी सोडते' हे बहिणीचे प्रेम झाले, हक्कसोड नव्हे. त्याला वेगळा दस्त लागतो. आणि तिच्या नवऱ्याची सही लागतेच. मालमत्ता एक झालेली असल्यामुळे जावयाच्या सहीवाचून पान हलत नाही, हे आपल्याकडे भावांना दस्ताच्या दिवशी कळते. जावई तेव्हा बोटीवर असतो.

बँकांबद्दल तुमच्याकडे तक्रार करून उपयोग नाही हे मला माहीत आहे, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात ५अ कलमाने गोव्यातल्या नवरा-बायकोचे भाड्याचे, व्याजाचे उत्पन्न अर्धे अर्धे धरले. म्हणजे कर घेताना सरकारला कळते की निम्मे बायकोचे. तीच बाई नवऱ्याच्या खात्यातले निम्मे पैसे मागायला गेली की काउंटरवरचा मुलगा विचारतो, 'नॉमिनी कोण?' नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ही सोय चांगली आहे, पण चार नॉमिनी लावले म्हणजे वाटणी केली असे समजणारे पक्षकार आता येऊ लागले आहेत. तुमच्या नोटरीने केलेला वारसांचा दस्त हातात असताना बँकेने पुन्हा कोर्टाचा दाखला मागू नये, यासाठी राज्यस्तरीय बँकांच्या बैठकीत तुमच्या खात्याचा एक माणूस बसायला हवा. त्याने त्या दस्ताचा नमुना टेबलावर ठेवावा, एवढेच.

तिसरी खिडकी. माणूस गेल्यावर वारस कोण ते जाहीर करणारा दस्त तुमच्याकडे होतो, राजपत्राच्या तिसऱ्या मालिकेत त्याची सूचना छापून येते. लोकांचा समज असा की दस्त झाला, आता जमीन आपली झाली. दस्ताने फक्त वारस कोण हे ठरते. कोणाला काय, हे ठरत नाही. त्यासाठी सगळे एकमताचे असतील तर वाटणीचा दस्त, नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी. एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव चढवायला मामलेदाराकडे म्युटेशन, ते आणखी वेगळे. हे तीन टप्पे कोणी करीत नाही, पहिला करून थांबतात, कित्येक तोही करीत नाहीत. सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला तेव्हा लागलेले आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर असते. आजोबांना सहा मुले, त्यांतली दोन मुंबईला, एक लिस्बनला, एकाचा पत्ता नाही, आणि मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहिलेल्याच्या, घराची जागा त्याच सर्व्हे नंबरात. अशा जमिनीवर कोणाचा डोळा पडतो ते आपण २०२२ मध्ये पाहिले. जमिनी हडपल्याच्या तक्रारींसाठी सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसवावा लागला. जुन्या पोर्तुगीज दस्तांच्या बनावट नकला करून परक्यांनी परक्यांना जमिनी विकल्या. मालक परदेशी किंवा मेलेला, वारसांनी कागद हलवलेला नाही, अशीच भाटे, म्हणजे बागायती जमिनी, निवडली होती. चोराला दोष द्यावाच. पण तीन पिढ्या उताऱ्यावर मेलेल्या माणसाचे नाव राहू देणाऱ्या घरांना काहीच म्हणायचे नाही का?

इन्व्हेंटरीचे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी. नवरा किंवा बायको मागे असेल तर साधारणपणे त्यालाच कुटुंबप्रमुख धरतात. तो शपथेवर मालमत्तेची यादी देतो, बाकीचे तिच्यावर हरकती घेतात, मूल्यांकन होते, आणि एकमत झाले नाही तर वारसांमध्येच बोली लागते. न्यायाधीशांसमोर, वकिलांच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन भाऊ. मी एका घरासाठी लागलेली बोली पाहिली आहे. हजार हजाराने सुरू झाली, मग दहा हजाराने. मोठा आकडा सांगायचा तेव्हा धाकटा छताकडे बघायचा. बहीण मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, तिने एकदाही बोली केली नाही आणि एकदाही वर पाहिले नाही. बाजारात त्या घराला जे आले असते त्याच्या बरेच वर जाऊन धाकट्याला सुटले. जिंकला म्हणजे काय, तर बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे त्याला भरायचे होते. ते त्याच्याकडे नव्हते. कोर्टाबाहेर येऊन त्याने पहिला फोन बँकेला केला.

यातले निम्मे तरी टळते, जर आईबापांनी जिवंतपणी आपल्या चार आण्यांची योग्य योजना केली आणि मुलांना बसवून वाटणीचे बोलून ठेवले तर. नवऱ्याने एकट्याने 'हे घर अमक्याला' असे लिहून चालत नाही, कारण त्या घरात बायको निम्मी आहे. दोघांनी एकाच दिवशी येऊन आपापले वेगळे, पण एकमेकांशी जुळणारे मृत्युपत्र केले तर त्याला अर्थ राहतो. हे सांगायला वकील लागावा असे नाही. तुमच्या कचेरीतला फलकही सांगू शकतो. सध्या त्या फलकावर फीचा दर आहे आणि 'आत मोबाइल वापरू नये' असे लिहिले आहे.

मुंबईत फ्लॅट असलेले गोंयकार विचारतात, आमचे काय? सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो. ते प्रकरण मुंबईतल्या एका घरावरूनच निघाले होते. मालक साठच्या दशकात वारलेला, निकाल २०१९ मध्ये. म्हणजे फ्लॅट दादरला असला आणि माणूस म्हापशाचा असला तर फ्लॅटमध्येही राखीव वाटा आला. उलट, ज्याचे घराणे दोन पिढ्या गिरगावात आहे त्याचा अधिवास कुठला, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि तो दरेकाचा वेगळा सुटतो. अशांनी मोबाइलवर विचारू नये. इथला एक आणि तिथला एक, असे दोन वकील एका खोलीत बसवावेत. खर्च होईल, पण इन्व्हेंटरीपेक्षा कमी.

आणखी एक मागणी मोठी आहे, आणि पैसेही तिलाच लागतील. बाप गेला, मृत्युपत्र केले होते असे तो एकदा बोलल्याचे आठवते, कुठे केले ते माहीत नाही. नोकरीच्या काळात तो डिचोलीत होता, मग मडगावला, शेवटी लेकीकडे पेडण्यात. वारसाने किती कचेऱ्यांत अर्ज करायचे? मृत्यूचा दाखला दाखवला की, 'या नावाचे मृत्युपत्र अमक्या कचेरीत, अमक्या तारखेला' एवढे उत्तर एकाच ठिकाणी मिळायला हवे. मजकूर नको, जिवंत माणसाची माहिती तर मुळीच नको. फ्लॅटचे रजिस्ट्रेशन ऑनलाइन झाले, लग्नाची तारीख ऑनलाइन मिळते, मग मेलेल्या माणसाच्या शेवटच्या इच्छेची सूची तालुक्या-तालुक्याच्या कपाटात का शोधायची? जुनी पुस्तके हाताने लिहिलेली आहेत, काही पोर्तुगीजमध्ये आहेत, हे मला ठाऊक आहे. निदान डिसेंबर २०१६ पासूनची तरी सूची करा, मागची पुढे बघता येतील.

आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन मृत्युपत्र लिहून घेण्याचा एक वार प्रत्येक तालुक्यात ठरवून जाहीर करा. आज ते अधिकाऱ्याच्या सवडीवर आणि वकिलाच्या ओळखीवर चालते. वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरून म्हाताऱ्या माणसाला खुर्चीसकट जीपमध्ये घालून आणलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी सर्व्हर बंद होता.

पानभर कागदाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. कोंकणीचा एका मित्राने केला. दोन्ही या पत्रासोबत वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. त्यांतली एखादी ओळ कायद्याला सोडून असेल तर कापा. भाषा जड वाटली तर सोपी करा. छपाईला पैसे नसतील तर तसे कळवा. फोंड्यातले आम्ही दोन-चार जण पहिल्या वर्षाच्या प्रती काढून देऊ. फक्त त्या लग्नाच्या खिडकीवर ठेवायची परवानगी तुमच्या सहीने हवी.

आपला,
फोंड्याचा एक वकील